स्वादुपिंडाचा दाह : दोष दारूचा, खड्यांचा की जनुकांचा?

बेंबीच्या वर एकाएकी कळ उठते. थांबायचे नाव न घेता ती वाढत जाते, पाठीत आरपार गेल्यासारखी वाटते. उलट्या सुरू होतात. रोग्याला उताणे झोपवत नाही. पुढे वाकून, गुडघे पोटाशी घेऊन बसला की जरा बरे वाटते. ओवा, सोडा, ॲसिडिटीची गोळी असे सगळे करून झाल्यावर रात्री केव्हातरी त्याला दवाखान्यात आणतात. रक्तातील लायपेज किंवा अमायलेज नेहमीच्या तिपटीहून वर गेलेले असते आणि डॉक्टर सांगतात, स्वादुपिंडाला सूज आहे. डॉक्टरी भाषेत अक्यूट पॅन्क्रिॲटायटिस.

हे नाव ऐकले की नातेवाईक एकमेकांकडे बघू लागतात. कारण गावात हा आजार ज्याला झाला तो पिणारा, असा समज पक्का झालेला आहे. बाईला झाला तर लोक गप्प बसतात, पुरुषाला झाला तर गप्प बसत नाहीत. दारू हे या आजाराचे मोठे कारण आहे, यात शंका नाही. पण ते एकमेव कारण नाही, आणि पहिल्या क्रमांकाचे कारण तर बहुतेक देशांत पित्ताशयातील खडे हे आहे. या दोन कारणांत बहुसंख्य रोगी बसतात. उरलेल्यांचे काय? आणि ज्यांना खडे आहेत किंवा जे पितात, त्यांतल्या थोड्यांनाच हा आजार का होतो? या प्रश्नांची उत्तरे गेल्या पंचवीस-तीस वर्षांत जनुकांच्या अभ्यासातून मिळू लागली आहेत. आजच्या लेखात त्याविषयी.

म्यानातली तलवार

स्वादुपिंड ही जठराच्या मागे, पाठीच्या कण्याला आडवी टेकलेली, वीतभर लांबीची ग्रंथी. इन्शुलिन तयार करणारी म्हणून ती मधुमेह्यांना परिचित असते. तिचे दुसरे काम पाचकरस बनवण्याचे. दिवसाला लिटर-दीड लिटर रस ती लहान आतड्यात सोडते. त्यात मांस, डाळ, दूध यांतील प्रथिने तोडणारे ट्रिप्सिन नावाचे जालीम द्रव्य असते. आता प्रश्न असा की, मटण पचवणारा हा रस खुद्द स्वादुपिंडाचे मांस का पचवीत नाही? निसर्गाने ही तलवार म्यानात घालून ठेवलेली आहे. स्वादुपिंडात असताना ट्रिप्सिन निष्क्रिय रूपात असते. आतड्यात पोचल्यावर तेथील एक द्रव्य ते म्यान उतरवते. काही कारणाने तलवार स्वादुपिंडातच उपसली गेली तर ग्रंथी स्वतःलाच पचवू लागते. हान्स कियारी या विकृतिशास्त्रज्ञाने १८९६ मध्ये हा तर्क मांडला होता. तो सिद्ध व्हायला बरोबर शंभर वर्षे लागली.

अमेरिकेतील मेयो क्लिनिकच्या कम्फर्ट आणि स्टाइनबर्ग यांनी १९५२ मध्ये एका कुटुंबाचे वर्णन प्रसिद्ध केले. त्या घरात पिढ्यान् पिढ्या हा आजार येत होता, तोही लहान वयात. मुलांना दारूचा संशय कोण लावणार? दोष रक्तातून उतरत असला पाहिजे हे उघड होते, पण नेमका कोणता ते शोधायला साधने नव्हती. १९९६ मध्ये पिट्सबर्गचे डॉ. डेव्हिड व्हिटकॉम्ब आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अशाच एका मोठ्या घराण्याच्या रक्ताचा अभ्यास करून तो दोष पकडला. सातव्या गुणसूत्रावरील ट्रिप्सिनच्या जनुकात एका अक्षराचा फरक होता. चुकून उपसली गेलेली तलवार मोडून टाकण्यासाठी ट्रिप्सिनच्या रेणूतच एक कच्ची जागा ठेवलेली असते. तेथे तो तुटतो आणि निकामी होतो. या घराण्यात ती जागाच पक्की झाली होती. त्यामुळे एकदा जागे झालेले ट्रिप्सिन बंद पडत नव्हते.

हा दोष आई किंवा बाप यांपैकी एकाकडून आला तरी पुरतो. म्हणून अशा माणसाच्या प्रत्येक अपत्याला तो मिळण्याची शक्यता निम्मी असते. ज्यांना तो मिळतो त्यांतल्या सुमारे ऐंशी टक्के लोकांना केव्हातरी आजार होतो. पुढे या मंडळींत स्वादुपिंडाच्या कॅन्सरचा धोकाही बराच वाढलेला आढळला, आणि धूम्रपान करणाऱ्यांत तो आणखी जास्त.

पाठोपाठ इतर जनुके सापडली. २००० साली जर्मनीतील संशोधकांनी स्पिंक-१ या जनुकातील दोष दाखवला. हे जनुक ट्रिप्सिनला आवर घालणारा ब्रेक तयार करते. ब्रेक सैल असला म्हणजे गाडी आपटतेच असे नाही. हा दोष असलेले बहुसंख्य लोक आयुष्यभर ठणठणीत राहतात. पण उतार लागला, खडी आली, पाऊस पडला, की त्यांची गाडी इतरांआधी घसरते.

आपल्या देशाच्या दृष्टीने हे स्पिंक-१ महत्त्वाचे आहे. केरळमध्ये तरुण वयात स्वादुपिंड कडक होणे, त्यात खडे धरणे आणि त्यातून मधुमेह होणे असा एक आजार पूर्वीपासून आढळतो. तेथील गरीब लोक टॅपिओकाचे कंद खात, म्हणून दोष त्या कंदावर टाकला गेला. पुढे टॅपिओका न खाणाऱ्या भागांतही हा आजार दिसला आणि तो समज ढिला झाला. २००२ मध्ये हैदराबादच्या सेल्युलर अँड मॉलिक्युलर बायोलॉजी केंद्रातील संशोधकांनी या रोग्यांची जनुके तपासली. ट्रिप्सिनच्या जनुकात दोष नव्हता, स्पिंक-१ मध्ये मात्र होता. भारतातील अशा अभ्यासांत रोग्यांपैकी चाळीस टक्क्यांच्या आसपास लोकांत हा दोष सापडला आहे, तर निरोगी माणसांत शंभरात दोन-चार जणांतच. (साबुदाणा टॅपिओकाचाच होतो, हे ठाऊक असलेल्या वाचकांना आता एकादशीची आठवण झाली असेल. खिचडीने स्वादुपिंड बिघडत नाही. मधुमेह्यांनी ती बेताने खावी, हे वेगळ्या कारणासाठी.)

छत्री आणि चिखल

आतापर्यंत सांगितले ते एकेका मोठ्या दोषाविषयी. अशी कुटुंबे थोडी. आता अधिक सर्वसाधारण प्रश्नाकडे येऊ. रक्तातील चरबी, म्हणजे ट्रायग्लिसराइड, जरा वाढलेली असली तर या आजाराचा धोका वाढतो का? मधुमेहाने वाढतो का? सिगारेटने?

हे ठरवणे वाटते तितके सोपे नाही. पावसाळ्यात ज्याच्या हातात छत्री त्याच्या चपलेला चिखल असतो. म्हणून छत्रीने चिखल होतो असे कोणी म्हणत नाही. दोन्हींचे कारण पाऊस. तसेच पिणारा माणूस बहुधा ओढणारा असतो, त्याची चरबी वाढलेली असते, जेवणाचे तंत्र बिघडलेले असते. स्थूल माणसाला मधुमेहही असतो आणि पित्तखडेही. यांतला चोर कोण आणि सोबत चालणारा कोण, हे नुसत्या नोंदींवरून कळत नाही. शिवाय उलटी गंगाही वाहते. स्वादुपिंड बिघडल्यामुळे मधुमेह होतो, त्यामुळे मधुमेह आधी की आजार आधी, हा घोळ राहतोच.

औषधांच्या बाबतीत यावर एक नामी उपाय आहे. हजार रोगी घ्यायचे, चिठ्ठ्या टाकायच्या, निम्म्यांना औषध द्यायचे, निम्म्यांना तशीच दिसणारी पण औषध नसलेली गोळी. चिठ्ठीला माणूस पितो की नाही हे ठाऊक नसते, त्यामुळे दोन्ही गट सारखे होतात आणि जो फरक पडतो तो औषधाचा. पण पाचशे माणसांना वीस वर्षे सिगारेट ओढा असे कोण सांगणार?

येथे मेंडेल मदतीला येतो. शाळेच्या पुस्तकातील वाटाण्याच्या प्रयोगांचा तोच हा पाद्री. त्याचा निबंध १८६६ मध्ये छापला गेला. प्रत्येक जनुकाच्या आपल्याकडे दोन प्रती असतात. त्यांतली कोणती मुलात जायची, हे गर्भ राहतानाच सोडतीसारखे ठरते. म्हणजे निसर्ग जन्माआधीच चिठ्ठ्या टाकून मोकळा झालेला असतो! एखाद्याला जन्मतः अशी जनुके मिळतात की त्याचे ट्रायग्लिसराइड आयुष्यभर इतरांपेक्षा थोडे जास्त राहते. ही जनुके त्याला मिळाली ती तो दारू पितो म्हणून नव्हे, गरीब आहे म्हणून नव्हे, किंवा आजारी पडला म्हणूनही नव्हे. तेव्हा अशा लाखभर माणसांत स्वादुपिंडाचा दाह जास्त आढळला, तर दोष ट्रायग्लिसराइडकडे जातो. हॉलंडच्या मार्टिन काटान यांनी १९८६ मध्ये लॅन्सेट या नियतकालिकाला लिहिलेल्या एका पत्रात ही युक्ती सुचवली होती, कोलेस्टेरॉल आणि कॅन्सर यांच्या संदर्भात. २००३ मध्ये ब्रिस्टलच्या डेव्ही स्मिथ आणि इब्राहिम यांनी तिची पद्धतशीर मांडणी केली. शास्त्रज्ञ तिला मेंडेलियन रँडमायझेशन म्हणतात. आपण मेंडेलची सोडत म्हणू.

या कामाला प्रचंड संख्येने माणसे लागतात. ब्रिटनमध्ये यूके बायोबँकेने २००६ ते २०१० या काळात ४० ते ६९ वयाच्या पाच लाख लोकांची नोंद केली. फिनलंडमध्ये २०१७ साली फिनजेन हा प्रकल्प सुरू झाला, तोही पाच लाखांचे लक्ष्य ठेवून. लोकांनी रक्त दिले, दवाखान्यातील नोंदी पाहू दिल्या, तेव्हा कोठे पुढील माहिती हाती आली.

ट्रायग्लिसराइडचे काय निघाले?

पूर्वी आम्ही शिकलो ते असे की, ट्रायग्लिसराइड हजाराच्या वर गेले तरच स्वादुपिंडाची काळजी करायची. हजाराच्या वर धोका मोठा असतो हे आजही खरेच आहे. रक्तातील चरबी स्वादुपिंडातील लायपेजमुळे फुटते, त्यातून निघणारी मेदाम्ले बारीक रक्तवाहिन्यांना आणि ग्रंथीच्या पेशींना भाजून काढतात.

पण २०१६ मध्ये कोपनहेगनच्या संशोधकांनी सुमारे १ लाख १६ हजार लोकांच्या नोंदी प्रसिद्ध केल्या. सहा-सात वर्षांत त्यांतल्या ४३४ जणांना हा आजार झाला. ज्यांचे ट्रायग्लिसराइड ८९ च्या खाली होते त्यांच्या तुलनेत १७७ ते २६५ असलेल्यांचा धोका दुपटीहून अधिक, आणि ४४३ च्या वर असलेल्यांचा जवळजवळ नऊपट निघाला. ही तपासणी उपाशीपोटी केलेली नव्हती, हेही लक्षात ठेवण्यासारखे. त्याच शहरातील संशोधकांनी २०२१ मध्ये सोडतीची पद्धत लावली. रक्तवाहिन्यांच्या आतल्या बाजूला बसून चरबी तोडणारे एक द्रव्य असते, लायपोप्रोटीन लायपेज. त्याच्या कामावर परिणाम करणाऱ्या जनुकांमुळे ज्यांचे ट्रायग्लिसराइड जन्मतः जास्त, त्यांना स्वादुपिंडाचा दाहही जास्त, असे त्यात दिसले. म्हणजे ट्रायग्लिसराइड नुसते सोबत चालणारे नव्हे.

नऊपट हा आकडा वाचून कोणी घाबरून जाऊ नये. त्याच कोपनहेगनच्या नोंदींत ८९ च्या खाली असलेल्या दहा हजार माणसांत वर्षाला सरासरी तीनही जणांना हा आजार झाला नाही, आणि ४४३ च्या वर असलेल्या दहा हजारांत बारा जणांना झाला. बाकीचे नऊ हजार नऊशे अठ्ठ्याऐंशी त्या वर्षी सुखरूप राहिले. वर्तमानपत्रात पटीचे आकडे छापले जातात, मूळ संख्या छापली जात नाही; वाचताना ती शोधावी.

माझ्या पाहण्यातले एक प्राथमिक शिक्षक आहेत. सुपारीच्या खांडाचेही व्यसन नाही. त्यांना दोन वर्षांत तीनदा हा त्रास झाला. सोनोग्राफीत खडे नव्हते. तिसऱ्या खेपेपर्यंत गावाने त्यांना चोरून पिणारा ठरवले होते, आणि मुलीच्या सोयरिकीच्या बोलण्यातही तो विषय निघाला. तिसऱ्या वेळी रक्ताची नळी थोडा वेळ उभी ठेवल्यावर वर दुधासारखी साय धरली. ट्रायग्लिसराइड दोन हजारांच्या वर. मग चौकशी केली तेव्हा कळले की धाकट्या बहिणीचेही जास्त आहे आणि वडील असेच पोटदुखीने गेले. आता ते तेल-तूप मोजून खातात, साखर सोडली आहे, गोळ्या नियमित घेतात. चार वर्षांत कळ नाही. त्यांच्या घरी मी मुद्दाम सगळ्यांना बसवून हा प्रकार समजावून सांगितला, कारण गोळीइतकीच त्यांना त्याची गरज होती.

जनुकांच्या या माहितीतून औषधेही निघू लागली आहेत. अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया राज्यात राहणाऱ्या अॅमिश पंथाच्या लोकांत शंभरातील पाचेक जणांचे एपीओसी-३ नावाचे जनुक जन्मतः अर्धे बंद असते, आणि त्यांचे ट्रायग्लिसराइड कमी असते, असे २००८ मध्ये दिसून आले. तेच जनुक दाबणारे ओलेझार्सेन हे इंजेक्शन डिसेंबर २०२४ मध्ये अमेरिकेत मंजूर झाले. चरबी तोडताच न येणाऱ्या एका दुर्मीळ जन्मजात विकारासाठी ते आहे. आपल्या नेहमीच्या चारशे-पाचशे ट्रायग्लिसराइडवाल्या रोग्यासाठी ते नव्हे. त्याने गोड, मैदा आणि दारू यांवर ताबा ठेवावा, मधुमेह आटोक्यात आणावा, थायरॉइड तपासून घ्यावे.

बाकीच्यांचा निकाल

स्वीडनच्या करोलिन्स्का संस्थेतील संशोधकांनी २०२१ मध्ये फिनलंडची आणि इतर माहिती एकत्र करून हीच सोडत एकेका कारणाला लावली. पित्तखड्यांची जन्मजात प्रवृत्ती असलेल्यांत तीव्र दाहाचा धोका स्पष्ट वाढलेला होता. यात नवल नाही. खडा घसरून नळीच्या तोंडाशी अडकतो हे शस्त्रक्रियेत डोळ्यांनी दिसते. पद्धत बरोबर चालते की नाही याची ती परीक्षाच झाली. धूम्रपानही दोषी ठरले, दारूच्या आडून नव्हे तर स्वतःच्या हिशेबाने. हे मला जास्त महत्त्वाचे वाटते, कारण दारू सोडलेले कितीतरी रोगी बिडी मात्र चालू ठेवतात आणि डॉक्टरही तिकडे काणाडोळा करतात. (अभ्यास ओढण्याच्या तंबाखूचा होता, मिश्री, गुटख्याविषयी त्यावरून काही म्हणता येत नाही. त्यांच्यावर वेगळे खटले भरलेले आहेतच.)

मधुमेहाची गंमत पाहा. प्रथम तोही दोषी दिसला. पण पित्तखड्यांचा हिशेब वेगळा काढल्यावर त्याचा दोष बराच फिका पडला. म्हणजे मधुमेही प्रवृत्तीच्या माणसाला खडे जास्त होतात, आणि पुढचा उपद्व्याप खडे करतात, असे दिसते.

दारूच्या बाबतीत ही पद्धत लंगडी पडते. माणूस किती पितो यावर जनुकांचा प्रभाव थोडा. मित्र, पगाराचा दिवस आणि कोपऱ्यावरचे दुकान यांचा जास्त. तेव्हा जनुकांच्या अभ्यासात दारूविरुद्ध पुरावा धूसर दिसला म्हणून ती निर्दोष सुटत नाही. तिच्याविरुद्ध रुग्णालयांतील पुरावा भक्कम आहे.

पद्धतीच्या आणखी दोन उणिवा सांगितल्या पाहिजेत. एक, काही जनुके दोन घरची कामे करतात. तेच जनुक चरबीही वाढवीत असेल आणि दुसऱ्याच वाटेने स्वादुपिंडालाही त्रास देत असेल, तर निकाल चुकतो. हल्ली ही माहिती संगणकावर फुकट मिळते, त्यामुळे घाईघाईने लिहिलेल्या निबंधांचा पूर आला आहे, आणि त्यांतल्या कित्येकांत ही खबरदारी घेतलेली नसते. दुसरी उणीव आपल्या जिव्हाळ्याची. ही माहिती मुख्यतः युरोपीय वंशाच्या लोकांची आहे. आपल्याकडे स्पिंक-१ चा दोष ठळक आहे, ट्रायग्लिसराइड वाढलेली माणसे भरपूर आहेत, मग डेन्मार्कचे आकडे आपल्याला जसेच्या तसे कसे लागू पडतील? जीनोम इंडिया प्रकल्पात दहा हजार भारतीयांचे जनुकनकाशे तयार झाले आणि जानेवारी २०२५ मध्ये ते संशोधकांसाठी खुले झाले, ही चांगली सुरुवात आहे. पण दहा हजार आणि पाच लाख यांत अंतर आहे.

मग तपासणी कोणी करावी?

अलीकडे घरबसल्या थुंकीवरून जनुके तपासून देणाऱ्या जाहिराती येतात. कसलाही त्रास नसताना स्वादुपिंडासाठी अशी तपासणी करून पैसे घालवू नयेत. स्पिंक-१ चा दोष निघाला तर विनाकारण घोर लागेल, कारण तो असलेले बहुतेक लोक निरोगीच राहतात. पहिला झटका आलेल्या रोग्यातही आधी सोनोग्राफी करावी, त्यात खडे दिसले नाहीत तर काही दिवसांनी पुन्हा करावी. ट्रायग्लिसराइड शक्यतो झटक्याच्या पहिल्याच दिवशी तपासावे, कारण उपाशी ठेवले आणि सलाइन लावले की ते झपाट्याने उतरते. कॅल्शियम मात्र बरे झाल्यावर पुन्हा पाहावे, झटक्यात ते खाली आलेले असते. चालू औषधांची यादी डॉक्टरांना दाखवावी.

हे सगळे होऊनही कारण सापडत नसेल, झटके वारंवार येत असतील, पहिला झटका लहानपणी किंवा पस्तिशीच्या आत आला असेल, किंवा घरात दुसऱ्या कोणाला हाच आजार असेल, तर जनुकतपासणीचा विचार पोटविकारतज्ज्ञांशी बोलून करावा. तपासणीआधी समुपदेशन घ्यावे. आपल्याकडे अहवाल रोग्याच्या फायलीत राहत नाही, तो पाहुण्यांपर्यंत जातो, आणि मग मुलांच्या लग्नात त्याचा वापर होतो. अहवालाने नेमके काय बदलणार आहे हे आधी विचारून घ्या. ट्रिप्सिनच्या जनुकातील दोष असेल तर बरेच बदलते. सिगारेट आणि दारू कायमची बंद, कॅन्सरच्या दृष्टीने ठरावीक वयानंतर तपासण्या, आणि मुलाच्या पोटदुखीकडे शाळा चुकवण्याचे निमित्त म्हणून न पाहणे.

ज्यांच्या झटक्याचे कारण पित्तखडे हेच निघाले आहे, त्यांना जनुके तपासण्याची काहीच गरज नाही. झटका सौम्य असेल तर पित्ताशय त्याच मुक्कामात काढून घ्यावे. नेदरलँडमध्ये २६४ रोग्यांवर चिठ्ठ्या टाकून केलेल्या एका चाचणीत, जिचा निकाल २०१५ मध्ये आला, शस्त्रक्रिया महिनाभर पुढे ढकललेल्या रोग्यांपैकी १७ टक्के लोकांना खड्यांचा पुन्हा उपद्रव झाला. त्याच मुक्कामात शस्त्रक्रिया झालेल्यांत हे प्रमाण ५ टक्के होते. ‘दिवाळीनंतर बघू’ म्हणून घरी जाणारे रोगी आमच्याकडे दिवाळीआधीच परत येतात.